एकोणीस किलोंचा क्लच

पीलमेडू, कोइंबतूर
रविवार, ११ जून २००६

वसू,

कागदाच्या माथ्यावर पिल्लैयार गणपतीची खूण काढून सुरुवात केली आहे, तेव्हा हे भांडणाचं पत्र नाही एवढं तरी धरून चाल. तुझे फोन येतात ते अम्माला. मी हॉलमध्ये पेपर उघडून बसतो, तुमचं बोलणं ऐकतो आणि पेपरचं पान काही उलटत नाही, हे तिनं तुला सांगितलंच असेल. चहाडखोर बाई आहे. मी फोन उचलला की तू ठेवून देतेस. पत्र निदान फाडायच्या आधी हातात तरी धरावं लागतं.

झालं असं. काल विम्याचा कागद हवा होता म्हणून एस्टीम गाडीतला तो डावीकडचा खण उघडला. तू मलेशियाला गेल्यापासून पहिल्यांदाच. आत चार घड्या घातलेला एक कागद. तुझं अक्षर. वर ‘अप्पांसाठी’ आणि तारीख गेल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवसाची.

तुझंच तुला वाचून दाखवतो, कारण मला ते आता पाठ झालंय. ‘अप्पा, गाडीचा क्लच मी बदललाय. रेसचा घातलाय, सलग अस्तराऐवजी सहा बटणं असलेली प्लेट. रागवाल, पण आधी वाचा. हा क्लच अर्धवट काही करत नाही. धरला की धरला, सुटला की सुटला. जुन्या सवयीनं पाय हळूहळू उचललात तर गाडी थरथरेल आणि उडी मारेल. ॲक्सिलरेटर थोडा जास्त द्या, पाय दोन बोटं वर येऊ द्या, तिथं तो पकडतो, मग बिनधास्त सोडा. उद्या लिंबांवरून नेताना मात्र इंजिन बंद ठेवून ढकलतच न्या.’

ढकलतच न्या! आणि मी काय केलं? अख्ख्या गल्लीच्या गाड्या ओळीनं उभ्या, केळीचे खुंट बांधलेले, चंदनकुंकू लावलेलं, चार चाकांखाली चार लिंबं. घरातला कर्ता पुरुष म्हणून मी ऐटीत आत बसलो, किल्ली फिरवली आणि नेहमीसारखा पाय अलगद उचलला. पुढचं तुला माहीत आहे. गाडीनं अशी उसळी मारली की चारही लिंबं शाबूत राहिली आणि शेजारच्या प्रोफेसर नंजप्पनची नवीकोरी स्कूटर हारासकट आडवी झाली. सगळी गल्ली हसली. आणि मी खाली उतरून सगळ्यांसमोर तुला म्हणालो, “या घरातल्या एकाही यंत्राला यापुढे तुझा हात लागता कामा नये.”

तू फक्त एवढंच विचारलंस, “खण उघडलात का?” मला वाटलं, उलट उत्तर देतेस. मी आणखी भडकलो. तीन आठवड्यांत तू तिकडच्या रॅलीच्या गॅरेजमधली नोकरी धरलीस आणि गेलीस.

बत्तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला होतो. सूचना वाचल्याशिवाय कुणाला खटका दाबू दिला नाही. एका इंजिनिअरला त्यावरून सगळ्यांदेखत झापलं होतं. आणि माझ्याच गाडीचा खण मी आठ महिने उघडला नाही. काल गाडीत बसून हा कागद तीनदा वाचला, मग काचा वर केल्या, कारण नंजप्पन गेटवर उभा होता आणि मला त्याला तोंड दाखवायचं नव्हतं.

मला काय हवंय ते सरळ लिहितो, आडवळण मला जमत नाही. तुझ्या हातची एक ओळ हवी. वर ‘अप्पा’ लिही आणि खाली काहीही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

चिठ्ठी ठेवलीस, त्याबद्दल उपकार मानतो. उशिरा मानतो.

अप्पा


रविवार, २ जुलै २००६

वसू,

उत्तर नाही. बरं. टपालाला दोन आठवडे जायला आणि दोन यायला लागतात असा हिशेब मी मनाशी केला आहे, तेव्हा अजून आठ दिवस मी शहाण्यासारखा वागेन.

तुझ्या कागदाप्रमाणे तीन आठवडे रोज सकाळी सव्वासहाला गाडी काढतो. अविनाशी रोडला तेव्हा गर्दी नसते. इतके महिने ती बहुतेक उभीच होती. पहिल्या दिवशी अकरा वेळा बंद पडली. काल एकदाच. ‘दोन बोटं’ म्हणजे नेमकी कुठली दोन बोटं, तुझी की माझी, हे तू लिहिलं नव्हतंस. मी पट्टी लावून मोजलं, पस्तीस मिलिमीटर. त्या जागी पाय आला की गाडीच्या पाठीत कुणीतरी हात घातल्यासारखं होतं. तिथं घुटमळायचं नाही. सोडून द्यायचं. माझ्या स्वभावाला हे फार जड गेलं, पण जमतंय.

अम्माचं मात्र जमत नाही. परवा तिला मंदिरात नेताना मांडीवर इडलीच्या पिठाचं पातेलं होतं, तिच्या बहिणीला द्यायला. सिग्नलला गाडी सुटली आणि पीठ तिच्या पदरात. “अहो, नऊ वार नेसून बसले असते तरी पुरली नसती!” म्हणाली.  मग म्हणाली, “वसू चालवायची तेव्हा पाणीसुद्धा हलायचं नाही.” ते खरं आहे.

नंजप्पन रोज गेटवर उभा असतो. “काय नायडू, आज बेडूक किती उड्या मारून घरी आला?” असं मोठ्यानं विचारतो. स्कूटर मी त्याला दुरुस्त करून दिली, तरी त्याची जीभ काही सरळ झाली नाही.

तू विचारशील, मूळचा क्लच परत का नाही बसवला? आरोक्यमला वेळ नाही. त्याच्या गॅरेजमध्ये नेहमी पाचसहा गाड्या उभ्या. शिवाय मूळची प्लेट बाजारात नाही असं ऐकलं. (अम्मा माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते आहे, “खोटं! आरोक्यम दोनदा घरी येऊन विचारून गेला. प्लेटही त्याच्याकडे आहे.” तिला चष्मा करून दिला ही माझी चूक.)

आज आम्ही दोघांनी पेडल मोजलं. तुला माझी खोड माहीत आहे. न्हाणीघरातला वजनाचा काटा उचलून पेडलवर आडवा धरला आणि त्यावर पाय देऊन दाबलं. अम्मा दार उघडून, वाकून, आकडा वाचत होती. “एकोणीस,” म्हणाली. नंजप्पनच्या मोटारीचं मोजलं, त्याच्या नकळत, तर नऊ. म्हणजे तू मला दुप्पट दाबायला लावलंस, पोरी. आता दर महिन्याच्या सुरुवातीला मोजून वहीत लिहिणार आहे. न मोजलेल्या गोष्टीवर बोलू नये.

डाव्या चपलेचा पट्टा बिघडलाय. चालता चालता पायातून निसटते. चांभाराला दोनदा दिली, त्याला काही सापडत नाही. हल्लीच्या कामाला काही अर्थ राहिलेला नाही.

अप्पा


रविवार, ३० जुलै २००६

वसू,

परवा अम्मा फोनवर तुझ्याशी बोलली आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघत स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो. तिनं तांदूळ निवडायला घेतले. मी म्हटलं, “काय म्हणाली?” “कोण?” “कोण काय? तुझी मुलगी.” तेव्हा म्हणाली, “विचारत होती, गिअर बदलताना अप्पा पेडल पूर्ण तळापर्यंत दाबतात का? नाही दाबलं तर गिअरबॉक्सचे दात खराब होतील, म्हणाली.”

म्हणजे पत्रं पोचतात! आणि तू वाचतेस! मी त्या दिवशी दोन कप कॉफी जास्त प्यायलो. दाबतो, तळापर्यंत दाबतो. रबरी चटईला पेडलचा ठसा उमटलाय.

दुसरी गोष्ट. काल आपल्या नात्यातल्या सुंदरवल्लीच्या नातवाचं बारसं कोटगिरीला होतं. अम्मा म्हणाली बसनं जाऊ, मी म्हटलं, बेडकानं जाऊ. मेट्टुपाळयम सोडून घाट सुरू झाला आणि वसू, काय सांगू तुला! गावात जी गाडी माझा जीव खाते ती वर पाखरासारखी. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली की कुठं घसरणं नाही, कुठं विचार करणं नाही, पाय सोडला की चाकं आणि इंजिन एकजीव. वळणावर मी एका सरकारी जीपला मागे टाकलं. अम्मानं डोळे मिटून मुरुगनचं नाव घेतलं, पण “हळू” असं एकदाही म्हणाली नाही.

तू दोन वर्षांपूर्वी त्या घाटाच्या स्पर्धेत तिसरी आली होतीस. घरी चषक घेऊन आलीस तेव्हा मी विचारलं होतं, “टायर किती झिजवलेस?” दुसरं काही विचारलं नाही. काल वर जाताना प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, ही पोर इथून कशी गेली असेल, तेही पावसात. मला तुझा अभिमान वाटला. तेव्हा वाटायला हवा होता, तो काल वाटला. या क्लचमुळे वाटला, म्हणून त्याचेही आभार आणि तुझेही.

एक तक्रार आहे. परतताना घाट उतरल्यावर क्लच फार जड झाला. मेट्टुपाळयमच्या रेल्वे फाटकापाशी पेडल दाबून धरता येईना, पाय लटलटायला लागला. शेवटी न्यूट्रलला ठेवून बसलो. केबलला गंज धरलेला दिसतोय. उद्या आरोक्यमकडे टाकतो.

अप्पा


रविवार, २७ ऑगस्ट २००६

वसू,

हे पत्र लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. आज लिहितोच.

केबल बदलली. क्लच जडच. आरोक्यमनं फोर्कला ग्रीस भरलं. जडच. पेडलची बिजागरी काढून साफ केली, नवी बुशं घातली. तरी जड. दर आठवड्याला मी त्याच्या दारात. तो बिचारा प्रत्येक वेळी स्वतः बसायचा, दाबून बघायचा आणि म्हणायचा, “सार, तसाच आहे हो. पहिल्या दिवशी होता तसाच.” मी म्हणायचो, “तुझ्या पायाला काय कळतंय! आकड्यावर बोल.”

आकडा काढला, एका पायानं जमेना म्हणून दोन्ही पायांनी दाबून. अम्मा वाकली. “एकोणीस.” मी म्हटलं, नीट बघ. “अहो, एकोणीसच.” मग मी काय निष्कर्ष काढला असेल? काटा बिघडला. न्हाणीघरातला ओलावा लागून स्प्रिंग गेली. काटा काखोटीला मारून वाण्याकडे गेलो, त्याची लोखंडी वजनं मागितली, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना जमिनीवर उकिडवा बसून पाच, दहा, वीस असं सगळं लावून पाहिलं. काटा चोख. उठताना मात्र मला वाण्याचा हात धरावा लागला.

तरी मला कळलं नाही बघ. बत्तीस वर्षं हेच काम केलेला माणूस. पंप पाणी कमी फेकतोय म्हटल्यावर आधी मीटर तपासायचा, मग पाइप, मग व्हॉल्व्ह, सगळं तपासायचं. मी सगळं तपासलं. ज्या पायानं दाबत होतो तो तेवढा सोडून.

काल आरोक्यमच्या दारात मी तावातावानं बोलत होतो, की गिअरबॉक्सच उतरव, आतलं बेअरिंग अडकलंय. अम्मा सोबत होती, बाजाराची पिशवी घेऊन. वैतागली. “सरका जरा,” म्हणाली. चपला काढल्या, पिशवी आरोक्यमच्या हातात दिली आणि गाडीत बसली. आयुष्यात कधी त्या बाजूला बसली नव्हती. साडी सावरली, डावा पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. तळापर्यंत. टेकला. माझ्याकडे बघून म्हणाली, “हे एवढंच?”

सत्तेचाळीस किलोची बाई, वसू.

 आरोक्यमनं गाडीतला माझा काटा घेतला, मला स्टुलावर बसवलं, काटा भिंतीला टेकवला आणि म्हणाला, “सार, उजव्या पायानं ढकला.” अम्मानं वाचलं, “बत्तीस.” “आता डाव्यानं, सार. जोर लावून.” मी लावला. कपाळावर घाम आला. अम्मा वाचेना. मी ओरडलो, “वाच की!” ती हळूच म्हणाली, “अकरा.”

क्लच जड झाला नव्हता. चपलेचा पट्टाही धड होता.

माझ्या वहीत तारखेपुढे मी तेही लिहिलं आहे. घाबरू नकोस. मी घाबरलेलो आहे, तेवढं दोघांना पुरेल. उद्या डॉक्टरकडे जातो. अम्माला बजावलंय की फोनवर तुला अवाक्षर सांगायचं नाही, आणि पत्रात मीच सगळं ओकून बसलो. पण हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

अप्पा


गुरुवार, १४ सप्टेंबर २००६
हॉस्पिटल, दुसरा मजला

वसू,

फोटो काढला. ती लांब नळीची मोठी मशीन. खडखड अशी की मला आपली एस्टीम आठवली. कमरेच्या मणक्याच्या आत एक गाठ आहे. साधी, कॅन्सरची दिसत नाही म्हणतात. पण जागा वाईट, पायाच्या नसांवरच बसली आहे. परवा सकाळी ऑपरेशन.

डॉक्टरीण आहेत, पूंगोदै नावाच्या. तुझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. फोटो दाखवत म्हणाल्या, “आजोबा, हे लोक आमच्याकडे येतात ते काठी धरून, नाहीतर चाकाच्या खुर्चीतून. लघवीवरचा ताबा गेला की मगच येतात, आणि मग आम्हाला फारसं काही करता येत नाही. तुम्ही अजून चालताय, जिना चढताय. तुम्हाला इतक्या लवकर कळलं कसं?”

मी म्हटलं, “माझ्या गाडीत रेसचा क्लच आहे.”

त्यांना वाटलं, म्हातारा चळला. मग मी वही काढून दाखवली. जुलै एकोणीस, ऑगस्ट एकोणीस, उजवा बत्तीस, डावा अकरा. त्यांनी वही हातात घेऊन नीट वाचली, त्यांच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवली आणि विचारलं, “क्लच कुणी बसवला?” मी सांगितलं, “माझ्या मुलीनं. मला न विचारता.” त्या म्हणाल्या, “साधा असता तर तुम्ही आणखी चारसहा महिने आरामात गाडी चालवत राहिला असता. आणि मग एके दिवशी उठला नसता.”

तेव्हा हे आता नीट लिहितो, अक्षर वाकडं येतंय कारण मांडीवर ताट ठेवून लिहितोय. वसू, तुझ्यामुळे माझे पाय वाचायची संधी आहे. मी ज्यासाठी तुला गल्लीसमोर नको ते बोललो, त्याच गोष्टीनं. तू न विचारता केलंस म्हणून मला राग आला होता. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं आणि आज मला काही कळलंच नसतं. तुझ्या त्या आडमुठेपणाला मी हात जोडतो. तो माझ्याकडूनच गेलाय.

आणि परवा एक बाई माझी पाठ उघडणार. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात नाजूक यंत्राला एका मुलीचा हात लागणार आणि मी देवाला सांगतोय की तोच लागू दे, तिचाच लागू दे. मी तुला जे बोललो ते किती मूर्खासारखं होतं, हे मला इथं पालथं पडल्यावर कळलं. ते शब्द मी परत घेतो. माफी मागतो. आजवर कुणाची मागितली नाही, तुझ्या अम्माचीसुद्धा, त्यामुळे पद्धत चुकत असेल तर समजून घे.

काही बरंवाईट झालं तर गाडी तुझी. क्लच काढू नकोस म्हणावं आरोक्यमला. एवढे महिने त्याला वेळ नव्हता वगैरे मी लिहिलं ते सगळं खोटं होतं. तू जाताना घरातलं तुझं सगळं नेलंस, फक्त तेवढाच राहिला होता. म्हणून मी त्याला हात लावू दिला नाही.

अप्पा


रविवार, १५ ऑक्टोबर २००६
पीलमेडू

वसू,

घरी आलो. गाठ पूर्ण निघाली. साधीच होती, तसा लेखी कागदही मिळाला आहे. भिंतीला धरून चालतो, उद्यापासून भिंत सोडायची आहे. आज सकाळी काटा भिंतीला लावला. डावा सतरा! अम्मानं तो आकडा इतक्या मोठ्यानं वाचला की नंजप्पन पलीकडून ओरडला, “काय सतरा?” आणि खरं सांगतो, मग आत येऊन त्यानं माझा पाय दाबून बघितला आणि खुर्चीत बसून रडला. नव्हतं वाटलं मला. रोज सकाळी तोच मला गल्लीच्या टोकापर्यंत नेतो. त्याचेही आभार मानायचे आहेत, पण त्याला सांगू नकोस, शेफारेल.

आणि तुझा फोन. ती २६ तारीख माझ्या वहीत आहे. अम्मानं माझ्या कानाला लावला, मी “हॅलो” म्हटलं आणि तू ठेवला नाहीस.  तिकडे कुठलंतरी इंजिन चालू होतं ते मला ऐकू येत होतं. मग तू म्हणालीस, “पाय?” मी म्हटलं, “हलतो.” आणि तू ठेवलास. एका शब्दाचा फोन. तो मला अजून पुरतोय. पण मी हावरा माणूस आहे, मला तुझं अक्षर हवं आहे.

आता कामाचं. पेडल हल्ली फार वर येऊन पकडतं. आरोक्यम गाडी फिरवून आला आणि म्हणाला, “सार, बटणं झिजली. जास्तीत जास्त हजार किलोमीटर.” म्हणजे प्लेट बदलायचीच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, जानेवारीत गाडीला हात लावा. अम्मा म्हणते साधा क्लच घाला नाहीतर मी बसणार नाही. आरोक्यम म्हणतो सार म्हणतील तसं. मला वाटतं पुन्हा तसाच, सहा बटणांचा. तो माझ्यावर लक्ष ठेवतो. तिकडे मिळत असेल तर तूच पाठव.

पण थांब. वरची दोन वाक्यं वाचून माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा हुकूम सोडतोय. या घरात मिक्सरपासून मोटरपर्यंत कुठलीही वस्तू आणताना मी तुला कधी विचारलं नाही. तू त्यातली माहीतगार असूनही नाही. आता विचारतो. कुठला घालू? तू सांगशील तो घालीन. कारण विचारणार नाही.

विचारलंच, तर फक्त एकदा.

अप्पा


शाह आलम, मलेशिया
३१ ऑक्टोबर २००६

अप्पा,

साधाच घाला. मूळ कंपनीचा, पूर्ण सेट. हे नक्की.

कारण तुम्ही विचारणारच, म्हणून लिहिते. तो क्लच रस्त्यावरच्या गाडीत घालायचाच नसतो. इथं आम्ही रेसच्या गाडीत घालतो आणि चार स्पर्धांनंतर काढून फेकतो. मला तेव्हाही माहीत होतं. गेल्या वर्षीच्या कोटगिरीच्या स्पर्धेला बारा दिवस उरले होते, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून अम्माला घेऊन तुम्ही बसनं पळनीच्या देवळात गेलात त्या दिवशी घातला. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून चिठ्ठी लिहून खणात ठेवली आणि वाटलं, सुटले. तुम्ही खण उघडला नाहीत ही तुमची चूक. वडिलांना एवढी मोठी गोष्ट चिठ्ठीनं सांगायची ही माझी. लिंबांच्या दिवशी मी चार पावलांवर उभी होते. दार उघडून “अप्पा, उतरा” म्हणायला काय जात होतं माझं? गंमत बघत राहिले. हे मी आजवर अम्मालाही सांगितलेलं नाही.

तुमचं हॉस्पिटलमधलं पत्र मी गॅरेजमध्ये उभ्यानं वाचलं आणि मालकानं मला दिवसभराची सुट्टी दिली, कारण माझ्या हातातून नट पडत होते. माझे आभार मानू नका. तुम्ही मोजत होता म्हणून वाचलात. दुसऱ्या कुणी नुसतं आरोक्यम अण्णांशी भांडण केलं असतं. मला मोजायला तुम्हीच शिकवलं, मी सात वर्षांची असताना, स्टुलावर उभी करून. मी इथं रोज तेच करते आणि माझं पोट त्यावर चालतं. ते सांगायचं राहून गेलं होतं.

व्यायाम सोडायचा नाही. आठवड्याला डाव्याचा आकडा अम्माकरवी फोनवर कळवायचा. तुम्ही स्वतः फोनवर आलात तरी चालेल.

सेट आणून कोरड्या जागी ठेवा, पेटी फोडू नका. गाडी आरोक्यम अण्णांकडे टाकायची नाही. मी जानेवारीच्या चार तारखेला येते, एक महिन्याची रजा मिळाली आहे. गिअरबॉक्स मी उतरवणार, घरीच, गेटच्या आत. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि मी मागेन तो पाना हातात द्यायचा. चौदाचा मागितला तर चौदाचाच.

वसू